विरजणाची पाटी

या, असे पुढं सरकून बसा. पखवाजाला अजून कणीक लागायचीय, बुवांचा चहा व्हायचाय, टाळ पिशवीतच आहेत. तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगतो. राजाची नाही, चमत्काराची तर नाहीच. एका पाटीभर मातीची गोष्ट आहे, आणि ती आमच्या शेजारच्या घरात घडली, दोन हजार सालात. मनात विठ्ठल म्हणा आणि ऐका.

येवल्याहून मनमाडकडं निघालं की डाव्या हाताला आमचा फाटा लागतो. तिथं आमच्या वावराला लागून कुसाबाईचं वावर. वावर उतरतं आहे. खाली विहीर, घर आणि कांद्याच्या रोपाची जागा. वर दोन शेतं ओलांडून एक उभी चढण, आणि चढणीच्या माथ्यावर वरचा बांध. त्या बांधाला कुणी कधी नांगर लावला नाही. पवन्या गवत, दोन बोरी, तुरीचे चुकार खुंट. पायाखाली माती अशी भुसभुशीत की कुत्रं पळत गेलं तरी पंजे उमटावेत.

कुसाबाई तेव्हा पासष्टीची. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. घरात मुलगा भिमाजी आणि सून सुवर्णा. नांगर, पाणी, बाजार सगळं भिमाजीच्या हातात. पण कांद्याचं उळं टाकायचं ते कुसाबाईनंच. आमच्याकडं रोपाला उळं म्हणतात. बी घरचं. तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं. फिकट लाल, जाड पापुद्र्याचा, चाळीत आठ महिने टिकणारा कांदा.

उळं टाकायची तिची एक रीत होती. वाफे तयार झाले की ती अनवाणी वरच्या बांधावर जायची, गवताच्या मुळाखालची माती खुरप्यानं उकरून पाटीत भरायची आणि डोक्यावर घेऊन खाली यायची. प्रत्येक वाफ्यात चार-चार मुठी टाकून हातानं कालवायची, वर हळदीकुंकवाचं बोट, मग बी. तिला ती विरजण म्हणायची.

"दुधाला दह्याची कवडी लागती ना?" ती सांगायची. "तशी नव्या वाफ्याला जुनी माती लागती. नायतर वाफा दुधावाणी नुसता पडून राहतो, नासतो."

आणि बी टाकताना एक मूठ मागं ठेवायची. ती देवाची मूठ. देव्हाऱ्यात विठ्ठलाच्या तसबिरीमागं कापडात बांधून ठेवायची. पुढल्या साली नवं बी आलं की ती जुनी मूठ चिमण्यांना टाकायची, कारण कांद्याचं बी सालभरच धरतं. दुसऱ्या साली ते उगवत नाही.

नव्व्याण्णव सालची दिवाळी पावसात गेली. उळं चांगलं बोटभर झालं होतं, आणि चार दिवसांत बुडाशी पाणचट होऊन आडवं पडायला लागलं. मर लागली. मुठीत धरून उपटलं तर नुसती पात हातात यायची, मूळ सडून मागं राहायचं. बारा वाफे गेले.

लावणीला सांगितलेल्या बाया बांधावर उभ्या होत्या, मीही होतो. भिमाजीनं वाफ्यातला चिखल उचलला, नाकाशी नेला आणि आईकडं वळला.

"ही तुझ्या विरजणाची करणी. कुठली घाण माती आणतीस आन् सगळ्या वाफ्यांत कालवतीस. रोग काय आभाळातून पडतो का? तूच आणलास पाटीत घालून."

पदर तोंडाला लावून कुसाबाई खाली बसली आणि डाव्या गुडघ्यावर हात चोळत राहिली.

ठमाबाई म्हणून एक मजुरीण आहे, जिभेची तिखट. ती म्हणाली, "भिमाजी, म्हातारीला नको बोलू. पाऊस काय तिनं आणला का?"

"तू गप. तुझे वाफे नाय गेले."

त्या साली त्यांच्या वावरात कांदा झालाच नाही. कांदा नाही म्हणजे पुढच्या बियाला लावायला गोट, म्हणजे राखलेला कांदाही नाही. आधीच्या सालच्या गोटांचे जे डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, उभे होते, त्यांचं बी उन्हाळ्यात निघालं, तेवढंच. सुवर्णानं पाखडलं तेव्हा कुसाबाईनं तिला सांगितलं, "पोरी, एवढ्या बियावर आता सगळं हाय. औंदा उळं गेलं तर ह्या घरचा कांदा संपला म्हणून समज."

सुवर्णानं मान हलवली. पण ती गोष्ट तिच्या मनात रुतून बसली.

दोन हजारच्या भादव्यात भिमाजीनं औषधाच्या दुकानातून एक कॅन आणला. दुकानदारानं सांगितलं होतं, माती आधी निर्जंतुक करा, बुरशीचं नाव राहणार नाही. त्यानं वाफ्याची जागा बदलली, मशागत केली, आणि ते औषध पाण्यात कालवून जमिनीत जिरवलं. वास असा की माझ्या वावरात उभ्या उभ्या माझे डोळे झोंबले. वरून प्लॅस्टिकचा कागद अंथरून कडा मातीनं दाबल्या. कागद निघाला तेव्हा खाली गांडुळं मेलेली होती, दोऱ्यासारखी वाळून. मुंगीसुद्धा नाही. भिमाजी खूश झाला.

"बघ आई. आता कशी साफ झाली."

कुसाबाई वाकून बघत होती. तिनं माती चिमटीत घेतली, हुंगली. "हिला वासच नाय रे राह्यला. मातीला वास नाय म्हंजे..."

"म्हंजे रोग नाय."

मग त्यानं वाफ्यांभोवती सुतळी बांधली. तोंडाशी चुन्याच्या पाण्याचं घमेलं ठेवलं. आत येईल त्यानं पाय बुडवून यायचं. सुवर्णानं बुडवले, गड्यानं बुडवले. कुसाबाईनं लुगडं वर धरलं आणि भेगाळलेला पाय घमेल्याकडं नेला, तेव्हा तो म्हणाला, "तू नको. तू भायेरच थांब."

"पाय बुडवते ना."

"तुझ्या पायात चाळीस सालांची माती बसलीय. ती एका चुन्यानं जायची नाय. तू शेरडं बघ जा."

गडी हसला. भिमाजी नाही हसला. त्याला ते खरंच वाटत होतं. कुसाबाईनं लुगडं खाली सोडलं. दसऱ्यानंतर बी पडलं ते सुवर्णाच्या हातानं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुसाबाई सुतळीच्या बाहेर, शेळीचं दावं हातात धरून उभी होती. हळदीकुंकू लागलं नाही, विरजण पडलं नाही. एवढं मात्र झालं की बी द्यायच्या आधी तिनं देवाची मूठ काढून घेतली होती.

उळं उगवलं. काय उगवलं म्हणता! एक दाणा वाया गेला नाही. मर कुठं नावाला नाही. भिमाजी गावभर सांगत सुटला, चार जण बघून गेले. दिवाळीला तो मला म्हणाला, "दादा, तुम्ही कीर्तनं ऐका, मी शास्त्र ऐकतो."

"ऐक बाबा," मी म्हणालो. "दोन्हीत ऐकावंच लागतं."

दिवाळी झाली आणि उळं थांबलं.

मेलं नाही. रोगही नाही. नुसतं थांबलं. बोटभर झालं ते बोटभरच. पात काळपट निळसर झाली, शेंडे वाळले. पाणी दिलं तरी तेच, नाही दिलं तरी तेच. भिमाजीनं सुपर फॉस्फेट टाकलं. आठ दिवसांनी पुन्हा टाकलं. मग युरिया. पातीचे शेंडे आणखी करपले. पाचव्या आठवड्यात जे उळं पेन्सिलीएवढं व्हायला हवं, ते वाफ्यावर केसासारखं लवलं होतं.

ठमाबाई मजुरीचं विचारायला आली आणि सुतळीपाशी थांबली. "भिमाजी, हे उळं म्हणायचं का म्हाताऱ्याच्या मिशा? लावायचं का विंचरायचं?"

त्यानं घमेल्याला लाथ मारली. चुन्याचं पाणी त्याच्याच धोतरावर उडालं.

संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "बीच खराब हाय. जुनाट झालं हे घरचं बी. औंदा पेठेतलं आणतो, निघालं तर निघालं."

कुसाबाईचा घास हातात राहिला. "बी खराब असतं तर उगवलं कसं रे?"

"मला नको शिकवू."

"शिकवत नाय. इचारते."

"तुझं इचारून झालं गेल्या सालीच."

तिनं घास ताटात ठेवला आणि ताट सुवर्णाकडं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी भिमाजी बियासाठी निफाडकडं गेला. तो फाट्यावर एसटीत चढेपर्यंत कुसाबाई ओट्यावर बसून बघत होती. मग उठली, पाटी आणि खुरपं घेतलं, आणि शेवटच्या वाफ्यापाशी गेली. तो वाफा सगळ्यांत आधी वाळला होता. सुतळीखालून वाकून आत गेली. सुवर्णानं विहिरीवरून पाहिलं.

"आत्याबाई, ते आले तर?"

"तू काय पाह्यलं नाय."

ती वरच्या बांधाकडं निघाली. डावा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. दोन शेतं ओलांडताना चार वेळा बसली. चढणीवर तर ती उजव्या पायानं चढायची आणि डावा ओढून घ्यायची, कुळवाला दगड अडकावा तसा. पाटी अर्धीच भरायची, कारण भरलेली पेलत नव्हती. त्या दिवशी दोन खेपा झाल्या. दुसऱ्या दिवशी भिमाजी तालुक्याला गेला, तेव्हा तीन. ऊन कातड्याला चिकटत होतं. सुवर्णा म्हणाली, "मी आणते ना पाटी." कुसाबाई म्हणाली, "नको. ही माझीच खेप हाय."

ती असं का म्हणाली ते सुवर्णाला तेव्हा कळलं नाही. मलाही पुढंच कळलं.

तिसऱ्या दिवशी तिनं वाफा कालवला. देव्हाऱ्यापुढं बसली, तसबिरीमागचं कापड काढलं, आणि पुटपुटली. सुवर्णानं ऐकलं ते असं: "तुझी मूठ घेते रे. पुन्यांदा भरून देईन." देवाची मूठ तिनं त्या वाफ्यात टाकली, वर बोटभर माती, वर वाळलं गवत, आणि झारीनं पाणी.

चौथ्या दिवशी शेजारच्या वाफ्यासाठी म्हणून ती आणखी एक पाटी आणायला गेली. उतरताना गुडघा वळला. ठमाबाई वरच्या रानात शेण गोळा करत होती, तिनं ओरड ऐकली. आम्ही पोचलो तेव्हा कुसाबाई कुशीवर पडलेली, पाय उलटा, पाटी चार हातांवर. माती सांडली होती आणि ती पडल्यापडल्या हातानं ती पाटीकडं ओढत होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. बाज टेम्पोत घालून येवल्याला नेलं. तिथं डॉक्टर म्हणाले, नाशिकला न्या, कापावं लागेल. कुसाबाई म्हणाली, "कापायचं नाय. मला घरी न्या, माझा वाफा भिजवायचाय." भिमाजीनं समजावलं, मी समजावलं. शेवटी पायाला विटा बांधून ताण दिला आणि बाज पडवीत टाकली.

ती बाजेवर पडली ती पडलीच. आठव्या दिवशी पाठीला जखमा झाल्या. सुवर्णा हळद-तेल लावायची, खालची चिंधी बदलायची, सगळं करायची. भिमाजी आईला कुशीवर धरायचा आणि तोंड भिंतीकडं करायचा. आणि कुसाबाई रोज एकच विचारायची, "वाफ्याला पाणी घातलं का?"

भिमाजीला वाटायचं ती बरळते. "घातलं, घातलं," तो म्हणायचा.

घालत होती सुवर्णा. सकाळी तोंड धुवायच्या आधी एक झारी. भिमाजी त्या वाळल्या टोकाकडं फिरकतच नव्हता.

पेठेतलं बी त्यानं आणलं होतं, ते त्याच मेलेल्या मातीत टाकलं. तेही उगवलं आणि तेही थांबलं. मग तो हादरला. शेतकी शाळेत शिकवणारे ललित सर आमच्या भजनाला येतात, त्यांना मी मोटारसायकलवर घेऊन आलो. सरांनी वाफे फिरून पाहिले, मुळं धुतली. ती तुरळक, काळी, बोथट. औषधाचं विचारलं, खताचं विचारलं. चालत चालत शेवटच्या वाफ्यापाशी आले आणि थबकले.

"हा वाफा कधीचा?"

भिमाजी म्हणाला, "तो तर..." आणि वाकून बघायला लागला. वाळलेल्या वाफ्यात हिरवं उळं उभं होतं. नीट रांगा नाहीत, म्हातारीच्या हातानं फेकलेलं, पण दांडगं. तीन आठवड्यांचं, आणि आठ आठवड्यांच्या शेजाऱ्यापेक्षा उंच.

सरांनी दोन्हीकडची मुळं वेगवेगळ्या बाटल्यांत घातली, शाळेत रंग देऊन यंत्राखाली पाहिली, आणि आठ दिवसांनी येऊन ओट्यावर बसून सांगितलं. मातीत एक बुरशी असते, ती मुळाच्या आत राहते आणि बाहेर आपले तंतू लांब पसरते. कांद्याचं मूळ आखूड, त्याला बारीक केस नाहीत. लांबचं अन्न हीच बुरशी त्याला आणून देते. तुमच्या औषधानं ती मेली. त्यात खत जास्त झालं की मूळही तिला जवळ करत नाही. या शेवटच्या वाफ्यातल्या मुळांत मात्र ती गच्च भरलेली आहे.

"म्हंजे," भिमाजी म्हणाला, "गेल्या साली बुरशीनं मेलं म्हणून बुरशी मारली. आन् औंदा बुरशी नाय म्हणून उपाशी मेलं?"

"ती बुरशी वेगळी, ही वेगळी. ती पाणी साचलेल्या, दबलेल्या मातीत माजते. हिला मोकळी माती लागते, जिवंत मुळं लागतात, न नांगरलेली जागा लागते. या वाफ्यात माती कुठली घातली?"

भिमाजी माझ्याकडं बघायला लागला. दारातून सुवर्णा बोलली. सासरी आल्यापासून चारचौघांत एवढं मोठं तिनं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"वरच्या बांधाची. पाच खेपा. सहावीला पडल्या."

पडवीत बाज कुरकुरली. भिमाजी उठून आत गेला आणि बाजेच्या पायथ्याशी उकिडवा बसला. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"आई, सर म्हणतात तुझं विरजण बरोबर व्हतं. मी गेल्या साली चारचौघांत बोललो. चुकलो."

कुसाबाई म्हणाली, "नाय रे. गेल्या सालची मर मीच आणली."

"आगं, सर म्हणतात..."

"सरांना काय ठावं. गेल्या साली गुडघा उचलतच नव्हता. दोन शेतं, वर चढण. म्हणलं, मातीच ती. खालच्या कोपऱ्यातली भरली, विहिरीच्या पाटापासची, जिथं पाणी तुंबतं. आंबूस वास येत व्हता. तरी घातली. म्हणलं, देवाला काय कळतंय कुठली माती." तिला धाप लागली. "देवाला कळलं नसंल. कांद्याला कळलं."

"मग तव्हाच का नाय सांगितलं? मी तुला एवढं बोललो, भायेर ठेवलं, तरी?"

"म्हणलं, पोरगं खोटं थोडंच बोलतंय."

सरांचा चहा साय धरून थंड झाला होता. कीर्तनात बुवा म्हणतात ना, सेवेत एक पाऊल वाचवलं तर ते देवाकडं जमा होत नाही, आपल्याच पायात मोडतं. ते मी किती वेळा ऐकून मान डोलावली असेन. त्या दिवशी मान हलली नाही.

भिमाजी बाहेर आला. पायात चपला घालता घालता थांबला, त्या काढून ठेवल्या, आणि पाटी घेऊन चढणीकडं गेला. पण मार्गशीर्ष संपत आला होता. नवं उळं टाकायला वेळही उरला नव्हता आणि बीही. बाकीच्या वाफ्यांत त्यानं बांधाची माती घातली. काही रोपं कोंब धरल्यासारखी हलली, बाकीची पिवळी होऊन मेली. राहिला तो एकच वाफा.

पौषात तो वाफा उपटला. पहिली जुडी घेऊन भिमाजी घराकडं आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. पडवीच्या पायरीशी तो थांबला, सुवर्णानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

बाजेवरून आवाज आला. अगदी बारीक. "पाय धुऊ नको रे. तसाच ये."

तो तसाच आत गेला. कुसाबाईनं जुडी हातात घेतली नाही. तिचा हात उचलत नव्हता. त्यानं ती तिच्या नाकाशी धरली. तिनं मुळाला लागलेली माती हुंगली, पात नाही.

"वास आला," ती म्हणाली.

चार बायांनी एका दुपारात लावण संपवली. पाच गुंठेसुद्धा भरले नाहीत. बाकी वावर मोकळं पडलं, आणि त्या साली भिमाजी-सुवर्णा दुसऱ्यांच्या कांद्यात लावणीला गेली, ठमाबाईच्या रांगेत. ठमाबाईनं एकदाही मिशांचा विषय काढला नाही. लावणीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी कुसाबाई गेली. पाठीच्या जखमा इतक्या खोल होत्या की आंघोळ घालताना बायांनी तिला उताणं केलंच नाही, कुशीवरच धुतलं.

चैत्रात कांदा निघाला. फिकट लाल, जाड पापुद्र्याचा. त्यातला एकही बाजारात गेला नाही. सगळा गोट म्हणून ठेवला. पुढल्या साली बी झालं तेव्हा भिमाजीनं पहिली मूठ कापडात बांधून तसबिरीमागं ठेवली. जी उसनी घेतली होती, ती. वरच्या बांधावर तो आजही नांगर जाऊ देत नाही, गवत पेटवू देत नाही. दर साली अनवाणी जातो, पाटी डोक्यावर घेतो, आणि खालच्या कोपऱ्याजवळून येताना मान वळवत नाही.

हं, टाळ निघाले वाटतं. एवढंच मागतो तुमच्याकडं. यंदा उळं टाकाल तेव्हा चढण चढून वरच्या बांधाची माती आणा. गुडघा दुखेल, जवळची माती दिसेल, कुणी बघत नसेल. तेव्हा कुसाबाईला आठवा. नुसती तिची सहावी खेप नका आठवू, चुकवलेली ती एक खेपही आठवा. दोन्ही तिच्याच होत्या.

म्हणा विठ्ठल.